साम्याची टक्केवारी आणि लेखकांची यादी: एका संशोधक प्राध्यापिकेला उत्तर

गोंदिया जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि मालगुजारी तलावांच्या (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातील गावतलावांच्या) पाणीवाटपावर मराठीतून शोधप्रबंध लिहिणाऱ्या एका प्राध्यापिकेने चार प्रश्न विचारले आहेत. प्रबंधाच्या कच्च्या मसुद्याची तपासणी केली तेव्हा साम्य २३ टक्के आले. मार्गदर्शक ते दहाच्या आत आणायला सांगतात आणि तालुक्यातील एक टंकलेखन केंद्र पैसे घेऊन ते काम करून द्यायला तयार आहे, तर त्यात काही गैर आहे का? पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा बराच भाग इंग्रजी लेखांचा मराठी अनुवाद आहे आणि त्यावर तपासणीत एकही खूण आलेली नाही, तर तो तसाच राहू द्यावा का? प्रबंधातून काढलेल्या शोधनिबंधावर मार्गदर्शकांचे आणि प्राचार्यांचे नाव असावे असा आग्रह आहे, तो मान्य करावा का? आणि एका चर्चासत्रात वाचलेल्या त्यांच्या निबंधातील काही परिच्छेद दुसऱ्याच व्यक्तीच्या नावाने एका संपादित ग्रंथात छापून आले आहेत, त्याचे काय करावे?

मॅडम, या चार प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असली तरी ती एकाच कसोटीवर देता येतात. मार्गदर्शक म्हणून, एका संशोधनपत्रिकेच्या संपादक मंडळावर आणि शैक्षणिक सचोटीच्या समितीवर दीर्घकाळ काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्रबंधातील कोणत्याही वाक्यावर बोट ठेवून ‘हे कोणाकडून आले’ आणि लेखकयादीतील कोणत्याही नावावर बोट ठेवून ‘यांनी काय केले’ असे विचारले, तर संशोधकाला खरे उत्तर ताबडतोब देता आले पाहिजे. टक्केवारी काढणारी संगणकप्रणाली हे उत्तर देऊ शकत नाही. आपल्याकडच्या ग्रामीण महाविद्यालयांत मात्र अहवालातील आकडा खाली आणणे म्हणजेच प्रामाणिकपणा अशी समजूत रुजत चालली आहे, आणि ज्या चोऱ्या त्या आकड्यात कधी दिसतच नाहीत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मला याची मनापासून काळजी वाटते, म्हणून उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर लिहितो.

आधी नियम काय म्हणतो ते स्पष्ट करून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम अधिसूचित केले. त्यांत साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष मनाई होते, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. प्रकाशित लेखनासाठीच्या शिक्षा निराळ्या आहेत. तेथे निबंध मागे घ्यावा लागतो, आणि वरच्या दोन स्तरांवर अनुक्रमे एक व दोन वार्षिक वेतनवाढी रोखल्या जातात, तसेच दोन व तीन वर्षे नव्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होता येत नाही. आपण पीएच.डी.च्या विद्यार्थिनी आहात आणि प्राध्यापिकाही आहात. त्यामुळे आपला प्रबंध पहिल्या तरतुदीखाली येतो आणि त्यातून काढलेला निबंध दुसऱ्या तरतुदीखाली येतो.

आता आपल्या २३ टक्क्यांकडे वळू. हा आकडा म्हणजे वाङ्मयचौर्याचे मोजमाप नव्हे. प्रणालीच्या साठ्यातील मजकुराशी आपल्या मजकुराचे शब्द जितके जुळले तितके त्यात मोजले गेले आहेत. विनियमांनी तपासणीतून काही गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे व समीकरणे, आणि सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे. मालगुजारी तलावांवरच्या प्रबंधात ‘मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५०’ यासारखी लांब नावे, शासन निर्णयांतील उतारे आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यांची ठरावीक शीर्षके पानोपानी येणार, आणि हे सगळे जुळणारच. म्हणून आकड्याने घाबरून न जाता रंगीत खुणांचा पूर्ण अहवाल मागवावा, महाविद्यालयाच्या ग्रंथपालांसोबत बसून तो पान-पान वाचावा, आणि प्रत्येक खुणेपुढे ती खूण का आली हे पेन्सिलीने लिहावे. हे काम दोन-तीन दुपारींत होते आणि त्यातून जे कळते ते कोणत्याही केंद्राला पैसे देऊन कळणार नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्याच विनियमांनुसार सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी या प्रबंधाच्या गाभ्यात साम्य असताच कामा नये. एकूण आकडा सहा टक्के असेल, पण त्या सहांतील दोन टक्के म्हणजे दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला निष्कर्षाचा परिच्छेद असेल, तर तो प्रबंध नियमाच्या अक्षराला आणि आशयाला दोन्हीकडून धक्का देतो. समितीवर असताना माझा आग्रह नेहमी हाच राहिला आहे की एकूण आकडा पाहण्यापूर्वी शेवटचे प्रकरण उघडून पाहावे.

टंकलेखन केंद्राचा प्रस्ताव स्वीकारू नये. ‘टक्के कमी करून देतो’ म्हणणारी माणसे बहुधा शब्दबदल करणारी एखादी प्रणाली चालवतात. ती ‘पाणी’च्या जागी ‘जल’ घालते, ‘तलाव’च्या जागी ‘सरोवर’ घालते आणि ‘बोडी’च्या (शेताजवळच्या छोट्या तळ्याच्या) जागी ‘लहान जलाशय’ लिहून मोकळी होते. आपल्या विषयात बोडी आणि तलाव यांतला फरक हा अभ्यासाचाच भाग आहे. तो पुसला गेला तर प्रबंधाचा आशयच पुसला जातो. शिवाय मूळ विचार ज्याचा आहे त्याचे नाव या सगळ्यात कोठेच येत नाही, म्हणजे चोरी होती तशीच राहते आणि फक्त तिचा माग मोडतो. काही ठिकाणी याहून वाईट प्रकार होतात: अक्षरांच्या मध्ये पांढऱ्या रंगाची चिन्हे घालणे, परिच्छेदाचे चित्र करून चिकटवणे. हे मुद्दाम केलेले फसवणुकीचे कृत्य आहे, आणि प्रबंध तपासून घेतल्याचे हमीपत्र आपल्या सहीने जाते तसे काम वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकांच्या सहीने जाते. त्या दोन सह्यांचा भार केंद्रचालक उचलणार नाही.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीतून लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तपासणी सर्वाधिक तेथेच फसते. शोधशुद्धी या इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या आयोगाच्या केंद्राच्या) योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना आधी उरकुंड आणि पुढे ड्रिलबिट या प्रणाली मिळाल्या. त्यांचे काम मुख्यतः मजकुराशी मजकूर जुळवण्याचे आहे. इंग्रजी लेखाचा आपण स्वतः केलेला मराठी अनुवाद जगात पूर्वी कोठेच नसतो, त्यामुळे तो जुळत नाही. दुसरी अडचण मराठी टंकांची आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील जुन्या मराठी प्रबंधांपैकी पुष्कळसे युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेले आहेत किंवा केवळ पाने स्कॅन करून चढवलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण संगणकाला त्यात निरर्थक रोमन चिन्हे किंवा नुसते चित्र दिसते. अशा प्रबंधातून कोणी चाळीस पाने उतरवून युनिकोडमध्ये टाइप केली तरी अहवाल स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा ज्या भागावर खूण आलेली नाही तो भाग निर्दोष आहे असे समजण्याला काही आधार नाही, आणि समितीवरील जाणत्या माणसाने मराठी प्रबंधाचा शून्य टक्क्यांचा अहवाल अधिक काळजीने वाचावा.

अनुवाद हेही दुसऱ्याचेच लेखन आहे. शब्द आपले असले तरी मांडणी, युक्तिवादाचा क्रम, उदाहरणे आणि अनुमाने मूळ लेखकाची असतात. त्यामुळे आपला आढावा तसाच ठेवता येणार नाही. पण तो टाकून देण्याचेही कारण नाही. समजा, एका इंग्रजी लेखात असे म्हटले आहे की मालकी शासनाकडे गेल्यावर गाळ काढण्याची आणि पाळ (तलावाचा बांध) दुरुस्त करण्याची गावाची जुनी व्यवस्था मोडली, पण तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. हे विधान आपण तीन प्रकारे वापरू शकता. मूळ वाक्य अवतरणचिन्हांत अनुवादित करून लेखक, वर्ष, पृष्ठ द्यावे आणि ‘अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा’ असे नोंदवावे. किंवा अख्ख्या लेखाचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत आपल्या मांडणीत सांगून आरंभीच लेखकाचे नाव घ्यावे, म्हणजे कोठून कोठपर्यंतचा विचार त्याचा आहे हे वाचकाला कळते. तिसरा प्रकार मला सर्वांत अधिक आवडतो, कारण संशोधन खरे तेथे सुरू होते: त्या विधानाला आपल्या गावांतील माहितीसमोर उभे करावे. ‘अमुक लेखकाच्या मते ही व्यवस्था १९५१ नंतर मोडली, प्रस्तुत अभ्यासातील काही गावांत मात्र पाळीची दुरुस्ती पुढेही लोकवर्गणीतून होत राहिल्याचे वयस्कर शेतकरी सांगतात’ असे वाक्य आपल्या मुलाखतींतून खरोखर निघत असेल, तर ते कोणत्याही प्रणालीत जुळणार नाही आणि कोणाचे श्रेयही हिरावणार नाही. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकून वरची बारा वाक्ये त्यात झाकण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती मात्र सोडावी.

येथे एक गोष्ट जोडतो. १९०८ सालच्या भंडारा जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरचा वापर आपण केला असेलच, कारण गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा होण्यापूर्वी हा सगळा प्रदेश भंडाऱ्यातच होता. असे जुने सरकारी ग्रंथ स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेले आहेत म्हणून त्यांतील मजकूर नाव न घेता वापरता येतो, असे अनेक जण मानतात. स्वामित्वहक्क आणि श्रेय या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिल्याची मुदत कायद्याने संपते आणि मग तो ग्रंथ कोणीही छापू शकतो, पण त्यातील माहिती आपण जमवली असा आभास निर्माण करण्याचा हक्क कोणाला कधीच मिळत नाही. आणि गॅझेटिअर स्वतः न पाहता दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातून त्याचा उतारा घेतला असेल, तर संदर्भात तसेच स्पष्ट लिहावे. न पाहिलेल्या ग्रंथाचे पृष्ठ क्रमांक आपल्या सूचीत उतरवले जातात तेव्हा मूळ नोंदीतील चूकही प्रबंधामागून प्रबंधांत उतरत जाते, आणि ती पहिल्यांदा कोणी केली हे शोधणेही अशक्य होते.

वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा प्रबंध लिहिताना घडत नाही, ते त्याच्या दोन-तीन वर्षे आधी टिपणे काढताना घडलेले असते. वहीत उतारा जसाच्या तसा लिहिला जातो, त्याला अवतरणचिन्ह नसते, पृष्ठ क्रमांक नसतो. लिहिण्याची वेळ येते तेव्हा ते वाक्य पुस्तकातले की आपले हे त्या संशोधकालाच सांगता येत नाही. म्हणून वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला पुस्तकातील शब्द, अवतरणचिन्हांत, पृष्ठ क्रमांकासह. उजव्या बाजूला त्यावरचे आपले विचार, तारखेसह. लिहायला बसल्यावर पुस्तक मिटून फक्त उजवी बाजू समोर ठेवावी आणि डावीकडून लागेल तेवढेच घ्यावे. संगणकावर काम करीत असाल तर झोटेरो ही विनामूल्य संदर्भप्रणाली शिकून घ्यावी. तिच्यात देवनागरी नोंदी चांगल्या राहतात. आपल्या महाविद्यालयाने इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-नियतकालिके देणाऱ्या योजनेत नाव नोंदवले असेल तर ग्रंथपालांकडून प्रवेश मिळवून मूळ लेखच वाचता येतात, आणि मूळ लेख हाताशी असला की दुसऱ्याच्या आढाव्यातून उचलण्याची गरज उरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी साधने कमी असतात हे खरे आहे आणि त्याची जाणीव विद्यापीठांनी ठेवायला हवी, पण या वहीला कोणतेही साधन लागत नाही.

स्वतःच्या लेखनाबद्दलही थोडे सांगतो. एप्रिल २०२० मध्ये आयोगाने सूचना काढून स्पष्ट केले की आपलेच पूर्वप्रकाशित लेखन उल्लेखाशिवाय पुन्हा वापरणे स्वीकारार्ह नाही. आपला चर्चासत्रातील निबंध प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणात येत असेल तर प्रकरणाच्या आरंभी तसे नमूद करावे. एकाच सर्वेक्षणाचे तीन तुकडे करून तीन पत्रिकांना पाठवणे, किंवा तोच निबंध एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत नवा म्हणून छापणे, हेही याच सदरात येते.

आता लेखकयादीकडे येतो. लेखक कोणाला म्हणावे यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत, आणि आज इतर विद्याशाखांतही त्या आधाराला घेतल्या जातात. कामाची कल्पना वा आखणी, माहिती मिळवणे, तिचे विश्लेषण किंवा अर्थ लावणे यांत भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची आशयाच्या अंगाने कसून दुरुस्ती करण्यात भाग असावा. अंतिम प्रतीला संमती दिलेली असावी. आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उठणाऱ्या प्रश्नांची जबाबदारी स्वीकारलेली असावी. चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. निधी मिळवून देणे, विभागप्रमुख असणे, परवानगीचे पत्र देणे यांतून लेखकत्व मिळत नाही. त्यासाठी ऋणनिर्देशात जागा आहे.

या कसोटीवर मार्गदर्शकांचे नाव घ्यावे की नाही, हे आपल्या कामात त्यांनी प्रत्यक्ष काय केले यावर ठरेल. त्यांनी पद्धत ठरवायला मदत केली असेल, मुलाखतींची छाननी केली असेल, मसुद्यावर आशयाच्या सूचना दिल्या असतील आणि निबंधाच्या निष्कर्षाबद्दल उत्तर द्यायची त्यांची तयारी असेल, तर ते सहलेखक आहेत आणि त्यांचे नाव आनंदाने घालावे. पण प्रबंधातून निघालेल्या निबंधावर पहिले नाव सामान्यतः विद्यार्थ्याचेच असते आणि ते सोडू नये. प्राचार्यांनी आपल्याला वेळ दिला, चर्चासत्राला जायची रजा मंजूर केली, यासाठी त्यांचे आभार जरूर मानावेत. लेखकयादीत त्यांचे नाव घालण्याला काही आधार नाही. हे म्हणणे सोपे आणि करणे अवघड आहे हे मला पुरेपूर माहीत आहे. छोट्या महाविद्यालयात रोज त्याच माणसांसमोर उभे राहावे लागते, गोपनीय अहवाल त्यांच्याच सहीने जातो, आणि २०१८ च्या नियुक्ती-पदोन्नतीच्या विनियमांनी सहलेखकांनाही गुण दिल्यामुळे नावाला भाव आला आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के, आणि अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के व इतरांना प्रत्येकी ३० टक्के. चुकीच्या नावाचा फायदा असा थेट पदोन्नतीपर्यंत पोचतो.

म्हणून व्यक्तीला नकार देण्याऐवजी एक कागद मध्ये आणावा. संशोधनातील योगदानाचे १४ प्रकार सांगणारे ‘क्रेडिट’ नावाचे वर्गीकरण आज अनेक नियतकालिके मागतात: संकल्पना, पद्धती, माहितीसंकलन, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती, देखरेख, निधी वगैरे. निबंध लिहायला घेण्यापूर्वीच असा तक्ता करून सगळ्यांसमोर ठेवावा आणि ‘पत्रिकेला हा भरून द्यावा लागतो, सर, आपल्या नावापुढे कोणते काम लिहू?’ असे आदराने विचारावे. पत्रिका तो मागत नसेल तरी विचारावे, फक्त ‘पत्रिकेला’ याऐवजी ‘मी सोबत जोडणार आहे’ म्हणावे. खोटे कारण सांगू नये. माझ्या अनुभवात या तक्त्यापुढे निम्म्याहून अधिक आग्रह आपोआप मावळतात, आणि ज्यांचे काम खरे असते त्यांचे नाव अधिक सन्मानाने येते. तेही शक्य नसेल आणि दडपण वाढत असेल, तर घाईने निबंध छापू नये. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली आहे. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास प्रबंध आधी पूर्ण करावा.

लेखकयादीची चर्चा करताना कोणाचे नाव चुकून आले याचाच विचार होतो. कोणाचे नाव राहून गेले हे फारसे विचारले जात नाही. आपण लिहिता की तलावाच्या जुन्या पाटांचा नकाशा ढिवर या मासेमार समाजातील एका वयस्कर बांधवाने बांधावर बसून काढून दिला आणि संपूर्ण चौथे प्रकरण त्यावर उभे आहे, पण त्यांचा उल्लेख ‘एक उत्तरदाता’ असा झाला आहे. मॅडम, हे दुरुस्त केलेच पाहिजे. विदर्भाला या प्रश्नाची धग माहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात ‘पटेल ३’ धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या आणि वर्षानुवर्षे ते बियाणे राखून एचएमटी हे वाण घडवले. पुढे अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) ते बियाणे प्रयोगासाठी नेले आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित झाले. शुद्धीकरण आपण केले हे विद्यापीठाचे म्हणणे होते. मूळ निवडीचे श्रेय आपल्याला मिळाले नाही ही दादाजींची तक्रार होती. निवड कोणाची आणि शुद्धीकरण कोणाचे हे दोन्ही पहिल्याच कागदावर लिहिले गेले असते तर एकाच्या कामाने दुसऱ्याचे काम झाकले गेले नसते. याच भागात वेगळा पायंडाही आहे: गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरच्या घरी उपचारांवरचा जो लेख १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याबरोबर आणखी तीन सहकाऱ्यांची नावे लेखक म्हणून आहेत.

आपल्या बाबतीत असे करावे. त्या गृहस्थांना पुन्हा भेटून नकाशा प्रबंधात कसा वापरला आहे ते दाखवावे, आपले नाव छापलेले त्यांना हवे आहे का हे विचारावे, आणि हवे असल्यास नकाशाखाली ‘मूळ रेखाटन’ म्हणून पूर्ण नाव आणि गाव द्यावे. काही माणसांना नाव नको असते, विशेषतः मासेमारीच्या ठेक्यावरून गावात वाद असेल तेव्हा. मग त्यांची ओळख झाकणे हाच त्यांचा मान राखणे आहे. वनस्पती किंवा माशांविषयीचे पारंपरिक ज्ञान नोंदवले असेल तर गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी भेटावे, कारण २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीचे काम या समित्यांकडे दिले आहे. आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवावा. चुका तेथेच सापडतात, परीक्षकांना त्या सापडत नाहीत.

निबंध कोठे पाठवावा हे आपण विचारलेले नाही, तरी दोन शब्द लिहितो. मान्य संशोधनपत्रिकांची आयोगाची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आणि संशोधकांवर आली. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, तसाच आयएसबीएन पुस्तकाचा. दोन्हींपैकी एकही दर्जाची हमी देत नाही. चार दिवसांत स्वीकृती, परीक्षणाच्या अभिप्रायाचा कागद नाही, आणि पैसे भरण्याचा क्रमांक मात्र पहिल्याच संदेशात, अशी पत्रिका असेल तर तेथे पाठवू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही नियम आता पुरेसा स्पष्ट आहे. प्रकाशननीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर तो कसा केला ते निबंधात सांगावे आणि सगळी जबाबदारी लेखकाने घ्यावी. शुद्धलेखन तपासून घेणे आणि आख्खा आढावा लिहून घेणे यांत मोठे अंतर आहे. ही साधने अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ खऱ्यासारखे रचून देतात. झाडीबोली या पूर्व विदर्भातील बोलीतल्या मुलाखतींचे प्रमाण मराठीत रूपांतर त्यांच्याकडून करून घेतले तर बोलणाऱ्याचा अर्थ कोठे बदलला हे आपल्याला कळणारही नाही. मुलाखतींना या साधनांचा हात लागू देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा प्रश्न आपल्या परिच्छेदांचा. ज्याची वाक्ये नेली गेली त्याला जो त्रास होतो तो लहान नसतो, आणि तो व्यक्त करण्यासाठी सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहावेसे वाटणेही स्वाभाविक आहे. तरी तसे करू नये, कारण मग तक्रार वैयक्तिक भांडण म्हणून बाजूला सारली जाते. चर्चासत्राचे प्रमाणपत्र, निबंध आयोजकांना पाठवल्याचा ईमेल, मूळ फाइल आणि तिची तारीख एकत्र करावी. दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून सारख्या ओळी अधोरेखित कराव्यात. आधी संपादित ग्रंथाच्या संपादकांना आणि प्रकाशकांना शांत भाषेत पत्र लिहून खुलासा मागावा, कारण कधी कधी संपादनातच नावांची सरमिसळ झालेली असते. समाधान झाले नाही तर संबंधित व्यक्तीच्या संस्थेतील विभागीय शैक्षणिक सचोटी समितीकडे लेखी तक्रार करावी. विनियमांनुसार तिने तक्रार मिळाल्यापासून ४५ दिवसांत आपला अहवाल संस्थास्तरीय समितीला द्यायचा असतो. तक्रारीची पोच तारखेसह घ्यावी. दरम्यान आपल्या प्रबंधात ते परिच्छेद आले असतील तर तेथे आपल्या चर्चासत्रातील निबंधाचा संदर्भ द्यावा आणि तक्रारीची प्रत मार्गदर्शकांकडे देऊन ठेवावी, म्हणजे अंतिम तपासणीत ती पाने त्या ग्रंथाशी जुळली तर मूळ लेखन कोणाचे हे कागदानिशी दाखवता येईल.